राखेचे पुन्हा सरपण

खरिपाच्या तोंडावर परभणीच्या मोंढ्यातून उचललेल्या युरियाच्या ४५ किलोच्या गोणीमागे कारखान्यात सुमारे ३३ किलो कार्बन डायऑक्साइड खर्ची पडलेला असतो. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड उच्च दाबाखाली एकत्र आणले की युरिया तयार होतो, आणि रसायन म्हणून हा वायू वापरणारा जगातला सर्वांत मोठा उद्योग हाच आहे. पण हा युरिया कापसाच्या ओळीत पडला, वर पावसाची एक सर आली, की जमिनीतले जिवाणू युरिएज नावाच्या विकराने काही दिवसांत त्याचे तुकडे करतात. या विकराच्या गाभ्यात निकेल धातूचे दोन अणू असतात; त्यांच्यावाचून तो निकामी ठरतो. नत्र पिकाच्या वाट्याला येते आणि तो ३३ किलो वायू पुन्हा मोकळा होतो. वायू वापरला गेला, पण त्याची विल्हेवाट लागली नाही. ‘कार्बन डायऑक्साइडपासून इंधन’, ‘प्रदूषणातून संपत्ती’ अशा मथळ्यांच्या बातम्या वाचताना हा दाखला हाताशी ठेवावा. या क्षेत्रात काम करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाची कामगिरी जोखायची कशी, हा खरा प्रश्न आहे. शोधनिबंध किती, त्यांचे दाखले इतरांनी किती दिले, पुरस्कार कोणते मिळाले, ही मापे सोयीची असली तरी इथे ती अपुरी पडतात. इथल्या प्रत्येक दाव्यामागे ऊर्जेचा एक जमाखर्च असतो. तो कुठून मांडायला घेतला आणि कुठे थांबवला, यावर कामाचे मोल ठरते.

कार्बन डायऑक्साइड ही कार्बनची राख आहे. कोळसा, डिझेल, पऱ्हाटी, साखर, काहीही जाळा. ऊर्जा देऊन झाल्यावर कार्बन जिथे येऊन थांबतो ती ही अवस्था. राखेचे पुन्हा सरपण करायचे तर जळताना जेवढी ऊर्जा बाहेर पडली तेवढी तरी परत घालावीच लागेल, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्तच. रसायनाच्या भाषेत या उलट्या प्रवासाला क्षपण म्हणतात, आणि क्षपण म्हणजे इलेक्ट्रॉन देणे. आता अडचण अशी की हा रेणू सरळ रेषेत ताठ असतो. दोन्ही बाजूंना ऑक्सिजन, मधे कार्बन. उदासीन पाण्यात त्याला नुसता एक इलेक्ट्रॉन द्यायचा झाला तर प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे १.९ व्होल्टपर्यंत खाली जावे लागते, आणि तेवढ्या वीजदाबात बाकी सगळेच बिघडते. मात्र प्रोटॉनांच्या जोडीने अनेक इलेक्ट्रॉन दिले तर काम सोपे होते: दोन इलेक्ट्रॉनांत कार्बन मोनॉक्साइड मिळायला उणे ०.५३ व्होल्ट, सहा इलेक्ट्रॉनांत मिथेनॉल मिळायला उणे ०.३८ आणि आठ इलेक्ट्रॉनांत मिथेन मिळायला उणे ०.२४ व्होल्ट पुरतात. हे आकडे कागदावर आशादायक आहेत. पण त्याच पाण्यातून हायड्रोजन सुटायला उणे ०.४१ व्होल्ट लागतात, म्हणजे तो अगदी त्याच परिसरात टपून बसलेला असतो. शिवाय त्याला दोनच इलेक्ट्रॉन लागतात, मिथेनला आठ. इलेक्ट्रॉन कार्बनकडे जाण्याऐवजी हायड्रोजनकडे पळतात, आणि संशोधकाचा निम्मा जन्म त्यांना वळवण्यात जातो.

म्हणूनच हा प्रांत मुख्यतः असेंद्रिय रसायनशास्त्राचा झाला. एका वेळी अनेक इलेक्ट्रॉन साठवून ते हवे तेव्हा हवे तिथे देण्याची ताकद धातूंमध्ये असते. फ्रान्समध्ये पॉल साबातिए यांनी १९०२ साली निकेलच्या पृष्ठभागावर हायड्रोजनच्या साह्याने कार्बनच्या ऑक्साइडांपासून मिथेन मिळवला. १९१२ सालच्या नोबेलमध्ये धातूंच्या चूर्णावरील हायड्रोजनीकरणाच्या या कामाचा वाटा होता. पुढे १९७५ साली इटलीत मिकेले आरेस्ता यांच्या गटाने निकेलच्या अणूला चिकटलेल्या कार्बन डायऑक्साइडची स्फटिकरचना उलगडली. ताठ रेणू तिथे सुमारे १३३ अंशांत वाकलेला दिसला. धातू या रेणूला नेमका कुठे धरतो, हे प्रथमच डोळ्यांपुढे आले. १९८० च्या दशकात झाँ-मारी लेन यांच्या गटाने ऱ्हेनियमच्या संयुगावर निवडकपणे कार्बन मोनॉक्साइड मिळवला, आणि जपानमध्ये योशिओ होरी यांनी दाखवले की वीज दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर मिथेन आणि इथिलीनही निघतात. चाळीस वर्षे उलटली तरी शुद्ध धातूंमध्ये हे काम ठळकपणे करणारा धातू तांबेच राहिला आहे. या इतिहासातून एक गोष्ट निघते: ज्या कामांची नावे टिकली त्यांनी टनावारी इंधन दिले म्हणून ती टिकली नाहीत, तर रेणू आणि धातू यांच्यातला एखादा व्यवहार पक्का समजावून दिला म्हणून टिकली. समज ही एक खतावणी आहे आणि उत्पादन ही दुसरी; दोन्ही एकत्र लिहिल्या की घोटाळा होतो.

महाराष्ट्रातले याचे जवळचे उदाहरण म्हणजे विवेक पोलशेट्टीवार यांचे काम. मांगली या खेड्यात जन्म, अमरावती विद्यापीठातून एम.एस्सी., ग्वाल्हेरला पीएच.डी., मग फ्रान्स, अमेरिका आणि सौदी अरेबिया, आणि २०१३ पासून मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, असा त्यांचा प्रवास. २०१० साली सौदी अरेबियातील किंग अब्दुल्ला विद्यापीठात असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सिलिकाचे तंतुमय गोळे तयार केले. नेहमीच्या सच्छिद्र सिलिकात अरुंद बोगदे असतात, आतवर रेणू पोचायला वेळ लागतो. इथे मात्र गोळ्याच्या मध्यापासून बाहेरपर्यंत पाकळ्यांसारखे उघडे पापुद्रे असतात. एका ग्रॅमात काही शे चौरस मीटर पृष्ठभाग, आणि तोही हात पोचेल असा. या पापुद्र्यांवर सोन्याचे नॅनोकण चढवताना त्यांच्यातले अंतर कमीजास्त ठेवले, तेव्हा सोन्याचा रंग बदलत बदलत काळा झाला. कण एकमेकांजवळ आले की त्यांच्यातले इलेक्ट्रॉन एकत्र डोलतात, आणि वेगवेगळ्या अंतरांमुळे दृश्य प्रकाशापासून अवरक्तापर्यंतच्या साऱ्या लहरी शोषल्या जातात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या ‘काळ्या सोन्या’ने नेहमीच्या तापमानाला आणि वातावरणाच्या दाबाला, प्रकाशाच्या जोरावर कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन बनवला. बातमी देशभर गाजली. तयार झालेला मिथेन मात्र अत्यल्प होता, मायक्रोमोलमध्ये मोजावा इतका. इंधनाच्या खतावणीत ही नोंद जवळपास शून्य. समजेच्या खतावणीत ती मोठी आहे, कारण कणांमधले अंतर बदलून प्रकाशाचे शोषण हवे तसे जुळवता येते हे तिने दाखवले.

पुढची वाटचाल पाहिली की हा फरक अधिक स्पष्ट होतो. २०२० साली याच गटाने कोणताही धातू न वापरता, केवळ सिलिकातल्या दोषस्थळांवर कार्बन डायऑक्साइडचा मिथेन करून दाखवला. रचनेतला एखादा ऑक्सिजन निसटला की तिथे रिकामी जागा तयार होते, आणि तीच उत्प्रेरकाचे काम करते. महागड्या धातूंचे उत्प्रेरक वापरता वापरता मंदावतात. इथे प्रत्येक पुनरुज्जीवनानंतर क्रियाशीलता वाढत गेली आणि आठ फेऱ्यांनंतर मिथेनचा वेग सुरुवातीच्या दुपटीहून अधिक झाला. २०२३ साली काळ्या सोन्यावर निकेल चढवून कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून कार्बन मोनॉक्साइड मिळवला, तोही सुमारे ९५ टक्के निवडकपणे आणि किमान १०० तास न थकता. वेग, निवडकपणा आणि टिकाऊपणा या तीन कसोट्यांवर २०१९ पासून २०२३ पर्यंतची ही चढण खरी आहे. एखाद्याची कारकीर्द वाचायची ती अशी: एकेका मथळ्यावरून नव्हे, तर आधीच्या कामातली उणीव पुढच्या कामाने भरून काढली का, यावरून. मात्र या दोन्ही प्रयोगांत हायड्रोजन बाहेरून पुरवलेला होता. राखेत घालायची ऊर्जा त्या हायड्रोजनच्या रूपाने आधीच आत आली होती, आणि तो हायड्रोजन कुठून आला याचे उत्तर उत्प्रेरकाजवळ नसते.

ऊर्जेचा जमाखर्च कुठे थांबवतो यावर निष्कर्ष कसा पालटतो, हे पाहायला याच गटाचा २०२१ सालचा मॅग्नेशियमवरचा प्रयोग उत्तम आहे. मॅग्नेशियमचे नॅनोकण, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र आणले. बाहेरून उष्णता, प्रकाश वा वीज काहीच दिले नाही. आणि पंधरा मिनिटांत मिथेन, मिथेनॉल आणि फॉर्मिक आम्ल तयार झाले. ऐकायला ही जादू वाटते. पण शोधनिबंधाच्याच हिशेबानुसार एक किलो मॅग्नेशियममागे मिळाले ते असे: २.४३ लिटर मिथेन, ९४० लिटर हायड्रोजन आणि ३.८५ किलो मॅग्नेशियमचे क्षारीय कार्बोनेट. जरा आकडेमोड करू. त्या कार्बोनेटात सुमारे १.४५ किलो कार्बन डायऑक्साइड बांधला गेला. मिथेनमध्ये गेला तो जेमतेम ४ ग्रॅम. वायूचा एक रेणू सरपण झाला तेव्हा तीनशेहून अधिक रेणू दगड झाले. मॅग्नेशियमने सोडलेले बहुतेक सारे इलेक्ट्रॉन हायड्रोजनकडे गेले. आणि ‘बाहेरून ऊर्जा नाही’ हे विधान परीक्षानळीपुरतेच खरे आहे. मॅग्नेशियम निसर्गात धातूरूपात सापडत नाही. ते ऑक्साइडपासून सोडवायला सिद्धांतानेच किलोमागे सुमारे ७ युनिट ऊर्जा लागते, आणि जगातले बहुतेक मॅग्नेशियम चीनमध्ये डोलोमाइट भट्टीत तापवून, मुख्यतः कोळशाच्या आधारे काढले जाते. समजा, एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही. तरी एक किलो मिथेनसाठी सहा किलो मॅग्नेशियम, म्हणजे कमीत कमी ४२ युनिट ऊर्जा लागेल, आणि मिथेन जाळून परत मिळतील सुमारे १४ युनिट. म्हणून या प्रयोगाकडे इंधननिर्मिती म्हणून पाहिले तर तो फसतो; हायड्रोजन देणारा आणि वायूला दगडात बांधणारा प्रयोग म्हणून पाहिले तर तो विचार करण्याजोगा ठरतो. संशोधकांनी मंगळाचा उल्लेख केला तो याच अर्थाने, कारण तिथल्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइडच आहे आणि तिथले भाव पृथ्वीवरचे नाहीत.

दुसरी कसोटी कार्बनच्या ओळखीची. मायक्रोमोलांत मोजण्याइतके उत्पादन असेल तर ते खरोखर कार्बन डायऑक्साइडपासूनच आले की उत्प्रेरक बनवताना चिकटून राहिलेल्या सेंद्रिय मळापासून, हे कसे ठरवायचे? उपाय सोपा आहे: ज्याच्यात साध्या कार्बन-१२ ऐवजी कार्बन-१३ हा जड समस्थानिक आहे असा वायू वापरायचा आणि मिळालेल्या पदार्थात तोच जड कार्बन उतरला का ते तपासायचे. २०१० साली नेदरलँड्स आणि तैवानमधील संशोधकांनी तांबे चढवलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडवर असा तपास केला, तेव्हा तयार झालेल्या कार्बन मोनॉक्साइडमध्ये जुन्या मळातल्या साध्या कार्बनचा मोठा वाटा निघाला. प्रकाशाने वायूचे क्षपण होते आहे असे वाटत होते. प्रत्यक्षात प्रकाश उत्प्रेरकावरचा मळही धुऊन काढत होता. त्यानंतर या क्षेत्रात समस्थानिकाची कसोटी न लावलेल्या निबंधाकडे जाणकार साशंकपणेच पाहतात. कामगिरीच्या यादीत ‘किती निबंध’ याच्या शेजारी ‘किती निबंधांत ही तपासणी’ असा रकाना असायला हवा, तो यासाठी.

आता हे सारे परभणीच्या जमिनीवर आणून बघू. हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत चारशे वीसच्या आसपास भाग, म्हणजे फार विरळ. तो गोळा करण्यातच बरीच ऊर्जा जाते. औष्णिक केंद्राच्या धुरात तो दहा-पंधरा टक्के असतो, पण राख, गंधक आणि नायट्रोजनसोबत. परभणी जिल्ह्यात याहून चांगला स्रोत आहे आणि त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गोदावरीकाठच्या गंगाखेड, सोनपेठ, पाथरी या तालुक्यांत साखर कारखाने आहेत. कारखान्याला जोडलेल्या डिस्टिलरीत मळी आंबवली जाते, तेव्हा ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूतून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू निघतात. वजनाने पाहिले तर ९२ किलो अल्कोहोलमागे ८८ किलो वायू, जवळजवळ निम्मेनिम्म. आंबवण्याच्या टाकीवरून निघणारा हा वायू ओलसर असला तरी जवळपास शुद्ध असतो. शिवाय त्यातला कार्बन उसाने गेल्या हंगामात हवेतूनच उचललेला आहे, खाणीतून काढलेला नाही. म्हणून यापासून केलेले इंधन जाळले तरी हवेत नवा कार्बन जमा होत नाही. दररोज ३० हजार लिटर अल्कोहोल काढणारी एक डिस्टिलरी नमुना म्हणून धरू. तिच्यातून दिवसाला सुमारे साडेबावीस टन कार्बन डायऑक्साइड निघेल. त्यापासून सिद्धांताने साडेसोळा टन मिथेनॉल होऊ शकते, आणि त्यासाठी सुमारे तीन टन हायड्रोजन लागेल.

सगळी मेख या तीन टनांत आहे. पाण्याचे विद्युत अपघटन करून हायड्रोजन काढायला किलोमागे साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. म्हणजे दिवसाला दीड लाखाहून अधिक युनिट. तयार झालेल्या मिथेनॉलमध्ये परत सापडतील सुमारे ९० हजार. एक मेगावॉटच्या सौर प्रकल्पातून दिवसाला सरासरी चार हजार युनिट मिळतात असे धरले तर चाळीस मेगावॉटचे पॅनेल लागतील आणि त्यांच्याखाली दीडशेहून अधिक एकर जमीन जाईल. एवढे करून सूर्य मावळला की अपघटनाची यंत्रे थांबतील, आणि गाळप हंगाम संपून मळीचा साठा सरला की वायूही थांबेल. मराठवाड्यात कोणीही पहिला आक्षेप घेईल तो मात्र पाण्याचा, आणि तो घेण्यामागे अनुभव आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या परळी औष्णिक केंद्राला सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्यातून गोदावरीचे पाणी जाते. दुष्काळात ते आटले आणि २०१३ साली, पुन्हा २०१५ साली, संच बंद ठेवण्याची पाळी आली. पण हायड्रोजनचा हिशेब वेगळा निघतो. किलोला नऊ लिटर या दराने तीन टनांना सुमारे २८ हजार लिटर पाणी लागते, म्हणजे उन्हाळ्यात गावाला येणारे दोन-तीन टँकर. त्यातले नऊ हजार लिटर मिथेनॉल तयार होतानाच पाणी म्हणून परत मिळतात. पाण्याचे शुद्धीकरण आणि यंत्रांचे शीतन यांसाठी आणखी काही धरावे लागेल. तरी हीच डिस्टिलरी एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर सांडपाणी (स्पेंट वॉश) बाहेर टाकते, दिवसाला अडीच ते साडेचार लाख लिटर. तेव्हा इथे अडसर पाण्याचा कमी आणि विजेचा जास्त आहे. उत्प्रेरक कितीही चांगला निघाला तरी हा अडसर त्याच्याने हटणार नाही, कारण उत्प्रेरक वाट सुकर करतो, चढण कमी करत नाही.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही दमदार आहेत. पहिला असा की हे काम ज्वारी आणि ऊस फुकट करत असताना यंत्रांची उठाठेव कशाला? १९७२ साली स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी मोती’सारखे रब्बी ज्वारीचे वाण दिले, त्या ज्वारीचे पान हेही असेंद्रिय रसायनशास्त्राची प्रयोगशाळाच आहे. हरितद्रव्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम, आणि पाण्यातून इलेक्ट्रॉन काढणाऱ्या केंद्रात मँगनीजचे चार अणू व कॅल्शियमचा एक. आक्षेपात तथ्य आहे, पण पिकात सूर्यप्रकाशातली साधारण एक टक्का ऊर्जाच साठते, आणि पीक कापून, खाऊन, जाळून तो कार्बन वर्षा-दोन वर्षांत परत जातो. सौर पॅनेल ते हायड्रोजन ते मिथेनॉल ही साखळी तोट्याची असली तरी एकरी ऊर्जा पिकाहून अधिक देते. तिने पिकाची जागा घेऊ नये हे खरे; डिस्टिलरीचे उदाहरण महत्त्वाचे ते यासाठीच की तिथे पिकाने गोळा केलेल्या कार्बनचा उरलेला, आज बहुतांशी हवेत सोडला जाणारा भाग कामाला लावता येतो. त्यातला काही वायू शुद्ध करून शीतपेयांना आणि कोरड्या बर्फाला जातो, पण बाटली उघडली की तोही सुटतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. राखेचे सरपण करण्याऐवजी राख पुरूनच टाकली तर? परभणी जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसला आहे. पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला हा बेसाल्ट कॅल्शियम आणि मॅग्नेशियमने भरलेला आहे. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड या खडकाशी भिडला की कार्बोनेट तयार होते आणि त्याला बाहेरून ऊर्जा लागत नाही. ही वाट उताराची आहे. आपल्या काळ्या जमिनीत सापडणारे चुनखडीचे खडे याच जातीच्या रसायनाची साक्ष देतात. आइसलँडमध्ये २०१२ साली बेसाल्टमध्ये सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्के वायू दोन वर्षांच्या आत दगड झाल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले. नुसती विल्हेवाट हवी असेल तर हा मार्ग क्षपणापेक्षा निर्विवाद स्वस्त आहे, हे मान्य केले पाहिजे. पण त्या पद्धतीत एक टन वायूमागे सुमारे २५ टन पाणी जमिनीत सोडावे लागते. आपल्या नमुन्यातल्या डिस्टिलरीसाठी ते दिवसाला साडेपाच लाख लिटर होते, हायड्रोजनच्या पाण्याच्या वीसपट. ऊर्जेत स्वस्त असलेला मार्ग पाण्यात महाग निघतो, आणि मराठवाड्यात ही गोष्ट दुय्यम नाही. शिवाय दगड विकत घ्यायला कोणी येत नाही. मिथेनॉल मात्र भारत मोठ्या प्रमाणात आयात करतो. म्हणून क्षपणाचा विचार हवा स्वच्छ करण्याचे यंत्र म्हणून करू नये; खनिज तेल किंवा नैसर्गिक वायूपासून आज होणाऱ्या रसायनांना पर्याय म्हणून करावा.

असा पर्याय कुठे उभा राहिला आहे हे पाहिले की ऊर्जेचा नियमच पुन्हा दिसतो. आइसलँडमध्ये २०१२ साली सुरू झालेला, नोबेलविजेते जॉर्ज ओला यांचे नाव दिलेला मिथेनॉलचा कारखाना वर्षाला चार हजार टनांचा. तिथे वीज भूगर्भातल्या उष्णतेवर बनते. चीनमधल्या आनयांग इथे २०२२ साली वर्षाला एक लाख दहा हजार टनांचा कारखाना उभा राहिला; तिथे हायड्रोजन कोक भट्ट्यांच्या वायूतून जोडउत्पादन म्हणून मिळतो. आपल्याकडे एनटीपीसीने मध्य प्रदेशातल्या विंध्याचल केंद्रात दररोज दहा टनांचा प्रकल्प घेतला आहे. स्वस्त वीज किंवा फुकटचा हायड्रोजन असेल तिथे हे रसायन चालते. मग उत्प्रेरकांवर पैसा आणि आयुष्ये का घालवायची? कारण चढण अटळ असली तरी तिच्यावर होणारी नासधूस अटळ नाही. मिथेनॉलच्या संयंत्रात आजही वायू अनेकदा फिरवावा लागतो, तापमान २०० ते ३०० अंश आणि दाब वातावरणाच्या पन्नासपट किंवा त्याहून अधिक ठेवावा लागतो. कमी दाबावर, दिवसाच्या उन्हासोबत चालू-बंद होऊ शकणारा आणि शेकडो तास टिकणारा उत्प्रेरक मिळाला तर छोट्या, विखुरलेल्या स्रोतांना, म्हणजे नेमक्या आपल्या डिस्टिलरीसारख्यांना, तो परवडू शकतो. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत गणपती यादव यांच्या गटाने ओएनजीसीच्या ऊर्जा केंद्रासोबत तांबे-क्लोरीन चक्राने हायड्रोजन काढण्यावर केलेले काम आणि आयआयटी मुंबईत २०२२ साली मंजूर झालेले कार्बन पकडण्या-वापरण्याचे राष्ट्रीय केंद्र या एकाच साखळीच्या वेगवेगळ्या कड्या आहेत.

मूलभूत संशोधकाला डिस्टिलरीचा जमाखर्च विचारणे अन्यायाचे आहे, असे कोणी म्हणेल. ते अर्धेच बरोबर आहे. आरेस्ता यांना कोणी टनांचा हिशेब विचारला नाही आणि विचारायलाही नको होता, कारण त्यांनी रेणूचा आकार दाखवला आणि तेवढाच दावा केला. काळे सोने प्रकाश कसे शोषते हे सांगणाऱ्या निबंधालाही तीच सवलत आहे. ती संपते ती ‘इंधन’ हा शब्द मथळ्यात आल्यावर. तिथून पुढे चार प्रश्न विचारण्याचा हक्क वाचकाला, करदात्याला आणि विद्यार्थ्याला मिळतो: ऊर्जा कुठल्या दाराने आत आली, कार्बन खरोखर त्याच वायूतला का, उत्प्रेरक किती तास टिकला, आणि मिळालेला पदार्थ वापरल्यावर कार्बन किती काळाने परत हवेत गेला. परभणी, सेलू किंवा जिंतूरच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला या चार प्रश्नांची उत्तरे काढायला महागडे उपकरण लागत नाही. मोल संकल्पना, त्रैराशिक आणि निर्मिती-उष्णतेचे कोष्टक पुरते. मॅग्नेशियमचा वरचा हिशेब बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात बसतो. एका चांगल्या शोधनिबंधाने स्वतःच्या उत्पादनाचे आकडे इतके उघड मांडले की दुसऱ्या कोणालाही त्याच्या मथळ्याची मर्यादा मोजता आली, हीही त्या संशोधनाच्या जमेची बाजू आहे. आकडे झाकणाऱ्या शंभर निबंधांपेक्षा असा एक निबंध शास्त्राला जास्त पुढे नेतो, आणि नेमणूक, निधी वा पुरस्कार ठरवणाऱ्या समित्यांनी मोजायला घ्यावे ते हेच.